सगळ्यात बारीक ओळ

चष्मेकाकांच्या दुकानात आता एक यंत्र आलं आहे. त्यावर हनुवटी ठेवायची, कपाळ टेकवायचं आणि समोर दिसणाऱ्या रंगीत फुग्याकडे बघत बसायचं. यंत्र गुणगुणतं, कागदाची एक चिठ्ठी बाहेर टाकतं आणि डोळ्यांचा नंबर कळतो. तुम्हाला तोंडातून एक शब्द काढावा लागत नाही. काकांची लेक हे यंत्र चालवते आणि फार छान चालवते. काका मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्या यंत्राकडे नव्या जावयाकडे बघावं तसं बघतात. माणूस चांगला आहे, पण बोलत नाही, अशी त्यांची तक्रार.

ही तक्रार काकांनी करावी याचं गल्लीला हसू येतं. कारण सगळ्या गल्लीत कमी बोलणारा माणूस कोण म्हणून विचारलं, तर लोक डोळे मिटून काकांच्या दुकानाकडे बोट दाखवतील.

काका लहानपणापासून बोलताना अडखळत. घरात आईशी, बहिणीशी बोलताना कमी. चार लोकांपुढे उभं केलं की मात्र पहिल्याच अक्षरावर गाडी रुतायची. चौथीत असताना मुख्याध्यापकांनी त्यांना धडा वाचायला उभं केलं. धड्याचं पहिलंच अक्षर प. काका प, प, प करत राहिले. मुख्याध्यापक खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "काय रे, इंजिन तापलं का? गाडी निघणार कधी?" वर्ग इतका हसला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. त्या दिवसापासून काकांचं नाव इंजिन पडलं. पुढं शाळा सुटली, तरी ते नाव बरीच वर्षं त्यांच्या मागं शिट्टी वाजवत फिरत होतं.

आणि अशा माणसाला देवानं काय सांगावं? तर, "सांग."

काका तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि एका चष्मेवाल्याच्या हाताखाली काच घासायला शिकत होते. सकाळची वेळ होती. चाकावर ओली पूड सोडलेली, बोटांत काच धरलेली. मध्येच काच धुऊन त्यांनी खिडकीकडे धरली आणि समोरची भिंत, भिंतीवरची वेल, वेलीवरचं एकेक पान एकदम लख्ख झालं. तेवढ्यात त्यांना आतून स्पष्ट ऐकू आलं: सांग. आवाज नव्हे, पण आवाजाहून स्पष्ट. काकांनी मागं वळून पाहिलं. मागं फक्त मालकांचा कोट खुंटीला होता.

ज्या येशूच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो, ज्याच्याशी एकट्यानं बोलताना आपण कधीच अडखळत नाही, त्याच्याविषयी इतरांना सांगायचं, हे काकांना लगेच समजलं. पाचारणाबद्दल शंका नव्हती, पत्त्याबद्दल होती. देवाला पलीकडच्या बाकावरचा तो खणखणीत आवाजाचा कारागीर हवा असेल, आपल्यालाच चुकून ऐकू आलं असेल, असं त्यांना आठवडाभर वाटत राहिलं. शेवटी ते चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब उमद्या मनाचे. म्हणाले, "पुढच्या रविवारी दहा मिनिटं तू बोल. बोलावणारा तो, वदवून घेणाराही तोच."

काकांनी दहा मिनिटांचं प्रवचन सहा रात्री जागून लिहिलं. रविवारी उपासनेच्या वेळी ते व्यासपीठाची ती एक पायरी चढून वर उभे राहिले, समोर पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की पहिला शब्द 'प्रभू' आहे. पुन्हा प! बाकांवरच्या लोकांनी आधी माना खाली घातल्या, मग घड्याळाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. शेवटी पहिल्या बाकावरची एक म्हातारी मायेनं म्हणाली, "बस बाळा, पोचलं आम्हाला." पेटीवाल्यानं घाईघाईनं गीत सुरू केलं. काका खाली उतरले ते थेट मागच्या दारानं घरी. त्या पायरीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला.

पण ते "सांग" काही जाईना. लग्न झालं, स्वतःचं दुकान झालं, लेक झाली. काच घासताना, फ्रेमचा स्क्रू पिळताना ते मध्येच येऊन उभं राहायचं, उधार मागायला आलेल्या शेजाऱ्यासारखं, काही न बोलता.

दुकान म्हणजे काय, एक बोगदाच होता. रुंदी दोन माणसांची, लांबी आठ माणसांची. लांबचं वाचायचा तक्ता टांगायला पुरेसं अंतर नव्हतं, म्हणून तो गिऱ्हाइकाच्या डोक्यामागं लावलेला आणि समोर आरसा. जवळचं वाचायला हातात एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड द्यायचं. त्यावर वरची ओळ ठळक, मग बारीक, मग आणखी बारीक, अशा पाच ओळी. चाळिशी लागलेला माणूस तिसऱ्या ओळीला हात लांब करू लागतो. मग डोळ्यांवरच्या त्या गोल, जड, तपासणीच्या फ्रेममध्ये एकेक काच घालत जायचं. शेवटची, सगळ्यात बारीक ओळ मोठ्यानं वाचली, की नंबर सापडला.

कंपनीकडून आलेल्या कार्डावर लाकडी सामानाला पॉलिश कसं करावं याची माहिती होती. एका दुपारी दुकानात कोणी नसताना काकांनी ते कार्ड स्वतःच वाचलं. शेवटची ओळ होती, 'कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.' काकांच्या मनात आलं, रोज पाच-सात माणसं या खुर्चीत बसून, जीव डोळ्यांत आणून, मोठ्यानं वाचतात. आणि वाचतात काय, तर फडकं!

त्याच संध्याकाळी ते चार दुकानं सोडून असलेल्या छापखान्यात गेले. येशूच्या वेळची एक गोष्ट त्यांनी आपल्या साध्या शब्दांत पाच ओळींत लिहून नेली होती. चालता न येणारा एक माणूस. चार मित्र त्याला खाटेसकट उचलून येशूकडे घेऊन जातात. दारात एवढी गर्दी, की आत शिरायला वाव नाही. मग ते छपरावर चढतात, छप्पर उकलतात आणि दोरांनी खाट खाली सोडतात. आणि सगळ्यात बारीक शेवटची ओळ: येशू त्याला म्हणाला, 'बाळा, तुला क्षमा आहे.'

छापखानेवाल्यानं छपाईचे खिळे जुळवता जुळवता कपाळाला हात लावला. "अहो, एवढी बारीक ओळ कोण वाचणार? मुंग्या?"

"म... मी वाचून घेतो," काका म्हणाले.

मागच्या बाजूला पॉलिशचा मजकूर त्यांनी तसाच ठेवायला सांगितला. ज्याला ही गोष्ट नको असेल त्यानं बेलाशक फडकं वाचावं. देवाचं नाव कोणाच्या गळी उतरवायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. पण फडक्याला गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही. गोष्ट ती गोष्टच.

त्या कार्डानं दुकानाची कळाच बदलली. लोक नुसतं वाचत नसत, मतं देत. गवंडी छपराच्या ओळीशी थांबला आणि डोळ्यांवरची फ्रेम तशीच ठेवून म्हणाला, "हे सगळं ठीक आहे काका, पण छप्पर नंतर कोणी दुरुस्त करून दिलं? घरमालक काय म्हणाला? ते का नाही लिहिलं?" इस्पितळातली नर्स संतापलीच. "पेशंटला असं लोंबकळत ठेवतात? पडला असता म्हणजे?" आणि इस्त्रीवाल्या बाईंनी तर गोष्टच निकालात काढली. "चार पुरुष आणि चौघं एका मताचे? काहीतरीच काय!"

काका हसत, पुढची काच घालत. वाद कितीही रंगो, चष्मा मिळायचा तर शेवटची ओळ वाचावीच लागे. आणि मग तो गवंडी, ती नर्स, त्या इस्त्रीवाल्या बाई, एकेक जण आपापल्या आवाजात वाची, "बाळा, तुला क्षमा आहे." ते वाचताना काहींचा आवाज आपोआप खाली येई. काका काच पुसण्याचं निमित्त करून तिकडं पाठ फिरवत.

घरी काकू म्हणत, "दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेण्यात पटाईत आहात. स्वतः कधी बोलणार?"

"कार्ड बो... बोलतं की."

"कार्ड बोलतं! देवानं कार्डाला बोलावलं होतं का?"

काकू बोलण्यात कधी अडखळत नसत. दोघांच्या वाटचं त्या एकट्याच बोलत.

दहा वर्षं झाली आणि एक दिवस पाववाला दुकानात शिरला. हातात नवा चष्मा, चेहऱ्यावर पीठ. "काका, चष्मा तुमचा, पण फजिती माझी. काल पावात साखरेच्या जागी मीठ पडलं. बरणीवरची चिठ्ठीच वाचता येत नाही!"

काकांनी त्याला खुर्चीत बसवलं, कार्ड दिलं. पाववाल्यानं पाचही ओळी घडाघडा म्हटल्या. मुळीच न अडखळता. काकांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी हळूच कार्ड उलटं केलं. पाववाला पॉलिशची बाजू समोर असताना चार मित्रांची खाट खाली सोडतच होता.

पाववाल्याला गोष्ट पाठ होती! आणि एकट्या पाववाल्यालाच नाही. दर दोन वर्षांनी येऊन, घरच्यांना घेऊन येऊन, आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसून दुसऱ्याचं ऐकून अर्ध्या गल्लीला ती पाठ झाली होती. माणसं खुर्चीत बसत आणि डोळ्यांना त्रास न देता गोष्ट म्हणून टाकत. काका समजत, वा, काय दृष्टी आहे! आणि कमी नंबराची काच देत.

काकांच्या पाचावर धारण बसली. पंधरा दिवस ते घरोघर जाऊन चष्मे परत आणत होते, फडक्याच्या बाजूनं डोळे पुन्हा तपासत होते, काचा पुन्हा घासत होते. सगळं निस्तरल्यावर ते पाळकसाहेबांकडे गेले आणि अडखळत अडखळत आपला गुन्हा कबूल केला.

पाळकसाहेब आधी गंभीर होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. मग त्यांनी टेबलाचा आधार घेतला. "अरे देवा! म्हणजे गवंड्याला पाठ, पाववाल्याला पाठ! अरे, मी तीस वर्षं प्रवचनं करतोय. माझ्या लोकांना मागच्या रविवारचं विचार, छताकडे बघतात!"

काका हसले नाहीत. "पाठ आहे, साहेब. पण को... कोणी आलं का? एक तरी? मला सांगायला बोलावलं होतं. मी नुसतं कार्ड धरून बसलोय."

पाळकसाहेबांनी डोळे पुसले. "त्या चार मित्रांपैकी एकानं तरी तोंड उघडलं का गोष्टीत? धरून ठेवणं हेच त्यांचं सांगणं होतं."

काकांना ते पटलं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं रात्री उशाशी येऊन बसे.

मग काकांनी आणखी नऊ गोष्टींची नऊ कार्डं छापून घेतली आणि आलटून पालटून वापरू लागले. लोक कुरकुरले. पण एक गिऱ्हाईक असं होतं, की ते दर वेळी जुनंच कार्ड मागे. हे गिऱ्हाईक म्हणजे चौथीतले ते मुख्याध्यापक.

निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदा दुकानात आले, तेव्हा काकांनी त्यांना लगेच ओळखलं. पांढरे केस, तोच ताठ कणा, तोच घंटेसारखा आवाज. "तू आमच्याच शाळेतला ना रे?" "हो, सर." यापलीकडे दोघांनीही त्या दिवसांचा विषय काढला नाही. सरांच्या नाकावर माशी बसलेली चालत नसे, आणि देवाधर्माच्या भानगडीत आपण पडत नाही, हे ते न विचारता सांगत. तरी कार्ड हातात घेऊन चार ओळी त्यांनी वर्गात वाचावं तशा वाचल्या. मग थांबले.

"पुढचं दिसत नाही."

काकांनी काच बदलली. दिसत नाही. आणखी बदलली. दिसत नाही. शेवटी काकांनी कार्ड उलटं करून दिलं. सरांनी पॉलिशच्या पाचही ओळी खणखणीत वाचल्या. त्यांचं ते 'कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे' बाहेर फुटपाथपर्यंत ऐकू गेलं. आणि तीही ओळ तेवढ्याच बारीक अक्षरांत होती.

काकांनी फक्त फडक्याच्या बाजूनं निघालेला नंबर लिहून घेतला. दर दोन वर्षांनी हेच. "ते जुनं कार्ड दे." चार ओळी. "पुढचं दिसत नाही." काका घरी येऊन नवल करत. ज्याला ती ओळ नको, तो तेच कार्ड का मागतो?

काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आणि तुम्ही तरी त्यांना ती वाचून का नाही दाखवत?"

काकांना तो प्रश्न कुठंतरी बोचला. खरंच, हजारो लोकांच्या तोंडून ऐकलेली ती ओळ आपण स्वतः कधी कोणाला म्हटली?

अशी बावीस वर्षं गेली. सर ऐंशीचे झाले. पत्नी गेली होती, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. काठी टेकत ते एका सकाळी आले, खुर्चीत बसले आणि न मागताच काकांनी ते जुनं कार्ड त्यांच्या हातात दिलं. कार्डाच्या कडा चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. सरांनी चार ओळी वाचल्या. आवाज थोडा चिरकला होता. मग नेहमीसारखे थांबले. पण नेहमीचं वाक्य आलं नाही.

"अरे, ही शेवटची ओळ मला पहिल्या दिवसापासून दिसते."

"माहीत आहे, सर."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीस कधी?"

"बो... बोलण्याचा विषय कच्चा राहिला, सर."

सर हसायला गेले आणि हसू मध्येच राहिलं. ती फ्रेम डोळ्यांवर असल्यानं त्यांचे डोळे मोठे मोठे दिसत होते. "इंजिन तापलं का, असं मी म्हणालो होतो. मला वाटायचं, पोरं विसरतात. मग इथं आलो, तर तू साधं 'या, बसा' म्हणतानाही अडखळलास. ही ओळ वाचायला घेतली, की वर्ग हसायला लागतो रे कानात." त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. "हे मला कोण म्हणतंय? हे कार्ड, की तू?"

काकांना पाळकसाहेब आठवले. कार्ड म्हणतंय, मी नुसतं धरलंय, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं. इतकी वर्षं आपण त्या कार्डामागं लपून बसलो होतो आणि लपलो होतो तो याच माणसापासून, हे त्यांना त्या क्षणी आरशातल्या तक्त्याइतकं स्पष्ट दिसलं. सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं. राहिला होता तो हा एक.

त्यांनी तोंड उघडलं. "मी..." आणि पुढं क्ष. काकांच्या आयुष्यात याहून अवघड अक्षर आलं नव्हतं. जबडा अडकला, मान हलू लागली, कपाळावर घाम आला. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. एके काळी शब्द पुरा होण्याआधी वर्गाला हसवणारा तो माणूस समोर बसून होता. त्यानं मागं रेलून पाहिलं नाही. काकांचा शब्द स्वतः पुरा केला नाही. कार्ड दोन्ही हातांनी धरून तो नुसता थांबला.

"...क्षमा केली, सर. मी पण. त्यानं तर के... केव्हाच."

सरांनी मान डोलावली. मग कार्ड डोळ्यांसमोर धरून अगदी हळू आवाजात, पोरानं पहिला धडा वाचावा तशी, त्यांनी शेवटची ओळ वाचली. 'बाळा' या शब्दाशी ते एकदा अडखळले. काकांनीही वाट पाहिली.

नंबर बरोबर निघाला.

पुढच्या रविवारी सर उपासनेला आले आणि शेवटच्या बाकावर काकांच्या शेजारी बसले. "मी फक्त बघायला आलोय," असं त्यांनी बजावलं. हे बघणं वर्षभर चाललं. पाळकसाहेबांचे उच्चार ते प्रवचन संपल्यावर तपासून देत. येशूबद्दलच्या शंका मात्र ते त्यांना विचारत नसत, त्या काकांना विचारत, घरी जाताना, काठी टेकत. काका अडखळत उत्तर देत, सर वाट पाहत आणि दहा मिनिटांचा रस्ता तास तास पुरे. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा मागितला. पाण्यातून बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाले? "पाणी इतकं गार असतं, हे वर्गात कोणी आधी सांगायला हवं होतं." काकू हसून हसून रडल्या, की रडून रडून हसल्या, हे अजून ठरलेलं नाही.

सरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते जुनं कार्ड लेकीनं यंत्राशेजारच्या खणात ठेवलं आहे. दुपारी दुकानात कोणी नसलं, की काका ते काढून बसतात. शेवटची ओळ आता त्यांनाही दिसत नाही, पण तिची गरजही नाही. त्यांना आठवतो तो रविवार, ज्या दिवशी सरांना पहिल्यांदा बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला वर बोलावलं होतं. सर वर उभे राहिले, घंटेसारखा आवाज लावला, आणि मागच्या बाकावर काका अस्वस्थ झाले. सरांच्या चष्म्याची डावी दांडी वर झाली होती. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. काकांना राहवेना. ते उठले, सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेनं सरळ पुढं गेले, सरांच्या नाकावरचा चष्मा काढला, दांडी अंगठ्यानं जरा दाबली आणि परत ठेवला.

"आता?" त्यांनी विचारलं. एकदाही न अडखळता.

"आता छान," सर म्हणाले आणि पुढं वाचू लागले.

काका बाकावर परत येऊन बसले, तेव्हा काकूंनी त्यांना कोपर मारलं. "अहो, कळलं का तुम्हाला?"

"काय?"

"पायरी चढलात तुम्ही."

काकांनी मान वर करून पाहिलं. एकच तर पायरी होती, आणि तीही फार उंच नव्हती.